डावी बाजू दिसत नाही

मुलासाठी प्रयत्न चालू असलेल्या चौदा महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं, की पाळी आली आणि मी रडले नाही. त्या महिन्यात मीच तिची वाट बघत होते. पहिला दिवस धरून मोजायचं आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या मधली एचएसजीची वेळ घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सकाळी कळलं, नऊ वाजता फोन केला, आठव्या दिवसाची वेळ मिळाली. फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते.

एचएसजी म्हणजे हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी. बोलताना सगळे ‘नळ्यांची तपासणी’ म्हणतात. गर्भाशयाच्या तोंडातून एक बारीक नळी आत घालतात आणि तिच्यातून एक्स-रेमध्ये उठून दिसेल असं औषध सोडतात. त्याला डाय म्हणतात. हा डाय आधी गर्भाशयाची पोकळी भरतो, मग दोन्ही बाजूंच्या गर्भनलिकांत शिरतो, आणि नलिका मोकळ्या असतील तर त्यांच्या टोकांतून पोटात सांडतो. ते होत असतानाच एक्स-रे काढत राहतात. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ गर्भाशयात पडत नाही, या नलिकेत पडते, म्हणून ती मोकळी आहे की नाही हे बघायचं. एकेक नलिका १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. पण गर्भाशयाच्या भिंतीतून ती जिथे बाहेर निघते तिथे तिची वाट जेमतेम १ मिलिमीटर रुंद असते. ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. आधी माहीत असती तर पुढची एक रात्र वेगळी गेली असती.

एचएसजीपर्यंत पोचायच्या आधी बरंच काही झालं होतं. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून बघा, पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच तपासणीला या, असं साधारण सांगतात. आम्ही वर्ष उलटल्यावर गेलो. डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी माझ्या हातात दिली नाही, नवऱ्याच्या हातात दिली: वीर्यतपासणी. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जो विश्वास वाटला तो शेवटपर्यंत टिकला. या तपासणीत ना सुई ना वेदना, दोन-पाच दिवस वीर्यपतन टाळून नमुना द्यायचा इतकंच. ती झाल्याशिवाय कुणाही बाईला एचएसजीच्या टेबलावर झोपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, एक दुर्बिणीचं ऑपरेशनही झालं, आणि मग कुणाला तरी तिच्या नवऱ्याची तपासणी करायचं सुचलं. कारण तिथेच निघालं.

मग माझं रक्त. पाळीच्या दुसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल ही संप्रेरकं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन. एएमएच हे अंडाशयातलं संप्रेरक मात्र कुठल्याही दिवशी तपासलेलं चालतं. माझं एएमएच वयाच्या मानाने कमी आलं आणि मी दोन दिवस सुन्न होते. डॉक्टर म्हणाल्या, “हा आकडा अंडाशयात बीजं साधारण किती उरलीत त्याचा अंदाज देतो. ती चांगली आहेत की नाहीत, हे तो सांगत नाही. तुम्हाला मूल होईल की नाही, हे तर नाहीच नाही.” नंतर मी वाचलं, की २०१७ साली एका अमेरिकन अभ्यासात वंध्यत्वाची काही पूर्वपीठिका नसलेल्या, नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या ३० ते ४४ वयाच्या साडेसातशे बायका घेतल्या होत्या. एएमएच कमी असलेल्यांना आणि नसलेल्यांना नैसर्गिकपणे दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक आढळला नव्हता. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, औषधांना अंडाशय किती प्रतिसाद देईल हे ठरवायला तो आकडा उपयोगी, पण त्यावरून स्वतःचं भविष्य वाचू नये. मी वाचलं होतं, आणि ते दोन दिवस फुकट गेले.

फॉलिक्युलर स्टडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक दिवसाआड आतून सोनोग्राफी, बीजकोश किती मिलिमीटरचा झाला त्याची नोंद, आणि एके दिवशी “फुटलंय” असा निरोप. लघवीला जाऊन यायचं, दुखत नाही, चौथ्या खेपेला लाजही वाटत नाही. माझं बीज वेळेवर फुटत होतं. म्हणजे उरल्या नळ्या.

दिवस ठरवण्याला कारण असतं. रक्तस्राव थांबलेला हवा आणि बीज फुटलेलं नसावं, म्हणजे पोटात नकळत गर्भ असण्याची शक्यता नाही. शिवाय त्या दिवसांत गर्भाशयाचं अस्तर पातळ असतं, चित्र स्वच्छ येतं. पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध टाळायला सांगतात ते याचसाठी. दमा आहे का, आधी कधी एक्स-रेचं औषध दिल्यावर त्रास झाला होता का, थायरॉइड, अलीकडे अंगावरून दुर्गंधी स्राव, ताप, ओटीपोटात दुखणं, असं सगळं विचारायला हवं. आत जंतुसंसर्ग असेल तर ही तपासणी करत नाहीत, कारण डायबरोबर तो वर ढकलला जाऊ शकतो. मला एका छापील कागदावर खुणा करायला लावल्या. तिथे कुणीतरी तो कागद घेतला, वाचला नाही.

पहिल्या वेळी मी जिथे गेले त्या ठिकाणाचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. माझ्याशी कुणी बोललं नाही, एवढंच झालं. आणि ते एवढंच किती मोठं असतं, ते मी सांगायला बसले आहे.

तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही. आत गेल्यावर कंबरेखालचे कपडे काढून मागून उघडा गाऊन घालायला दिला. एक्स-रेचं टेबल कडक असतं. पाठीवर झोपायचं, गुडघे वर, तळपाय टेबलाच्या कडेशी, कंबरेखाली एक घडी. आधी स्पेक्युलम घातलं, म्हणजे योनिमार्ग उघडा धरणारं उपकरण, ते बहुतेकींना ओळखीचं असतं. मग गार औषधाने आतून पुसून घेतलं. मग एक कचकन चिमटा बसला. गर्भाशयाचं तोंड धरून ठेवायला ते उपकरण काही वेळा वापरतात. मला ते माहीत नसल्यामुळे मी दचकले, आणि दचकल्यावर आवाज आला, “हलू नका.” मग बारीक नळी. ती आत गेल्यावर तिच्या टोकाचा इवलासा फुगा फुगवतात, म्हणजे डाय मागे ओघळत नाही. तो फुगला तेव्हा ओटीपोटात एक खोल, बोथट कळ आली. तशी जागा आपल्या शरीरात आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग डाय. पाळीच्या पहिल्या दिवसाची कळ घ्या, तिला वाढू द्या, आणि ती ओसरायच्या आत तिच्यावर दुसरी येऊ द्या. अर्धा मिनिट असेल, फार तर मिनिट. मी टेबलाची कड धरली होती. “सैल सोडा, सैल सोडा,” असं कुणीतरी दोनदा म्हणालं. एक्स-रेचं चित्र दाखवणारा पडदा माझ्याकडे पाठ करून होता. त्या कळेतच दोघांचं बोलणं माझ्या कानावर आलं:

“डावी बाजू दिसत नाहीये.”

“अजून एक घे. नाही. नाहीच जात.”

माझ्या शरीराबद्दलची ती बातमी मला अशी मिळाली. मला उद्देशून ते वाक्य नव्हतंच.

सगळं मिळून बारा मिनिटांत संपलं. उठून बसले तर कपाळावर गार घाम, कानात शीळ, डोळ्यांपुढे काळं. परत आडवं केलं. गर्भाशयाच्या तोंडाला ताण बसला की काहींची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, त्याने असं होतं. वीस मिनिटं पडून राहिलं की बरं वाटतं, मलाही वाटलं. पण एकटीने परत जाता आलं नसतं, नवरा बरोबर होता म्हणून निभावलं. पॅड न्यावा. डाय परत बाहेर येतो, चिकट आणि थोडा रक्ताळलेला, आणि दोन दिवस डाग पडतात. टॅम्पॉन किंवा कप वापरायचा नाही. ताप आला, दुर्गंधी स्राव सुरू झाला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त जायला लागलं, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. संसर्ग शंभरातल्या एक ते तीन बायकांना होतो, आणि आधी नळ्यांचा आजार झालेला असेल तर धोका जास्त. म्हणून काही डॉक्टर आधीपासून अँटिबायोटिक देतात.

संध्याकाळी माझा उजवा खांदा दुखायला लागला. तपासणी ओटीपोटाची आणि दुखतोय खांदा, म्हणून मी घाबरले. नंतर कळलं, की नळीतून पोटात सांडलेल्या द्रवाने छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल चुरचुरलं, तर ते दुखणं खांद्यात जाणवू शकतं, कारण दोघांच्या नसा मणक्यात एकाच ठिकाणी पोचतात. याची एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. १९२० च्या सुमारास इसिडोर रुबिन नावाचे डॉक्टर डायच्या ऐवजी गर्भाशयातून वायू सोडून नळ्या तपासत. बाई उठून बसली आणि तिचा खांदा दुखला, तर वायू पोटात पोचला, म्हणजे नळी मोकळी. म्हणजे त्या संध्याकाळी माझा खांदा कदाचित मला चांगलीच बातमी देत होता, की निदान एका बाजूने वाट आहे. मला ती भाषा येत नव्हती.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात आला. उजवी नळी मोकळी, डाय बाहेर सांडलेला. डावीपुढे लिहिलं होतं ‘कॉर्न्युअल ब्लॉक’. कॉर्नू म्हणजे शिंग. गर्भाशयाचा वरचा कोपरा, जिथून नळी निघते, त्याला तसं म्हणतात. मी फिल्म उजेडात धरली. मधे पांढरा त्रिकोण, एका अंगाने एक धागा निघालेला, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. त्रिकोण तिथे नुसताच संपत होता. त्या रात्री मी ‘ब्लॉक’ या शब्दाखाली जे जे सापडलं ते पहाटेपर्यंत वाचत राहिले. नवरा मधे उठून बाजूला येऊन बसला. काही बोलला नाही, आणि ते बरं केलं.

डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, “डाय भराभर सोडला होता का? खूप दुखलं?”

मी हो म्हटलं.

“मग मी याला इतक्यात ब्लॉक म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्या कोपऱ्यात नळीभोवती स्नायू असतो. तो आवळला की वाट मिटते. आकडी आल्यासारखं होतं, त्याला स्पॅझम म्हणतात. एखादा चिकट गोळाही अडकलेला असू शकतो. फिल्मवर हे सगळं खऱ्या अडथळ्यासारखंच दिसतं. वाट केवढी असते तिथे? एक मिलिमीटर.”

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नळी टोकाकडे अडलेली असेल तर ती फुगलेली दिसते, पाणी भरलेली, त्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात, आणि त्यावर उपाय वेगळा असतो. कोपऱ्यात अडलेली दिसली तर आधी शंका घ्यायची. शिवाय एक नळी मोकळी असेल तरी दिवस राहू शकतात. एवढंच काय, डाव्या अंडाशयातलं बीज उजव्या नळीने उचलल्याचीही उदाहरणं आहेत, त्या म्हणाल्या. मी हे दोनदा विचारून घेतलं.

एचएसजीत काय दिसत नाही, हेही त्यांनीच आपणहून सांगितलं. गर्भाशयाच्या पोकळीतला पडदा, पॉलिप, आत पोकळीकडे आलेली गाठ, चिकटलेल्या भिंती यांच्या खुणा दिसतात. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, ते दिसत नाही. नळीच्या बाहेरून झालेल्या चिकटपणाचा फार तर संशय येतो. नळी मोकळी आहे म्हणजे ती नीट काम करते, असंही नाही. बीज पुढे सरकवणारी आतली लव शाबूत आहे की नाही, ते एक्स-रेला कळत नाही. हे ऐकून मी खचले नाही. उलट हलकं वाटलं. ज्या कागदाला मी निकाल समजत होते, तो एका मिनिटाचा फोटो होता.

पुढचे रस्ते तीन होते. तीच तपासणी पुन्हा करायची. किंवा एक्स-रे टाळून सोनोग्राफीखाली द्रव किंवा फेस सोडून नळ्या बघायच्या. किंवा भूल देऊन लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी, करायची आणि निळा रंग सोडून तो नळीच्या टोकातून बाहेर पडतो का ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचं. एंडोमेट्रिओसिसचा संशय असता तर त्यांनी लॅपरोस्कोपीच सुचवली असती. मला पाळीत फार दुखत नाही, संबंधाच्या वेळी दुखत नाही, म्हणून तूर्त ती नको म्हणाल्या. आम्ही तीन महिने थांबून एचएसजीच पुन्हा करायची ठरवली, दुसऱ्या ठिकाणी.

ते तीन महिने मी त्या टेबलाला घाबरून काढले. बहिणीला म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, “अगं, तू तिथे जाऊन आधी विचार तरी. कोण करणार, कसं करणार, सगळं विचार. नाही पटलं तर परत ये.” मी खरंच आदल्या आठवड्यात जाऊन विचारून आले. तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला पाच मिनिटं दिली. गोळी तासभर आधी घ्या, रिकाम्या पोटी नको. घरून कुणीतरी बरोबर आणा. मागच्या वेळची फिल्म आणा.

तेलातला डाय वापरणार का, हेही मी विचारलं, कारण वाचनात आलं होतं. २०१७ साली नेदरलँड्समधल्या ११०० हून जास्त बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एचएसजीत तेलातला डाय मिळालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के बायकांना पुढच्या सहा महिन्यांत दिवस गेले आणि टिकले, तर पाण्यातला डाय मिळालेल्यांत ते प्रमाण सुमारे २९ टक्के होतं. निदानाची तपासणी स्वतःच थोडीशी उपचार ठरते, हे मला विलक्षण वाटलं होतं. पण तेलातलं आयोडीन शरीरात बराच काळ रेंगाळतं आणि माझं थायरॉइड काठावरचं. त्यांनी नको म्हटलं आणि कारण समजावलं. मला पटलं.

त्या दिवशी खोली तशीच होती. टेबलही तितकंच कडक. फरक इतकाच, की आधी माझ्या उशाशी एक परिचारिका येऊन उभी राहिली. “ताई, मी इथेच आहे,” म्हणाली आणि होतीच. स्नायू सैल पडायला एक इंजेक्शन दिलं. डॉक्टर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. आता स्पेक्युलम. आता गार लागेल. चिमटा न लावता जमतंय का बघते... जमलं. आता फुगा, कळ येईल, दहापर्यंत मोजा, सातव्या आकड्याला ओसरेल. मी मोजत गेले. आठवर ओसरली.

मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

डाय शरीराइतका कोमट केलेला होता आणि त्या तो थेंबाथेंबाने सोडत होत्या. दुखलं. पाळीच्या पहिल्या दिवसाइतकं, त्याहून थोडं जास्त. पण ती कळ कशाची आहे हे मला पडद्यावर दिसत होतं, आणि त्याने तिचा आकारच बदलला. त्रिकोण हळूहळू भरला. एका बाजूने धागा निघाला, वळला, पुढे गेला, टोकाशी धुरासारखा पसरला. “ही उजवी. छान सांडतोय.” दुसरी बाजू रिकामी. माझा श्वास अडकला. त्यांनी सोडणं थांबवलं. “घाई नाही आपल्याला. जरा कुशीवर वळा. श्वास सोडा.” किती वेळ थांबल्या ते सांगता येणार नाही. मग पुन्हा थोडासा डाय, अगदी थोडा. आणि कोपऱ्यातून एक बारीक रेघ बाहेर आली. आधी केसाएवढी. मग तिने वळण घेतलं, जाड झाली, आणि टोकाशी तसाच धूर.

परिचारिका म्हणाली, “ताई, आली बघा.”

इंजेक्शनाने आली, सावकाश सोडल्याने आली, की मुळात त्या दिवशी स्नायू आवळलाच नाही, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगणार नाही. पण दोन्ही वेळा शरीर माझंच होतं, आणि एकदा मी टेबलाची कड धरून पडले होते, एकदा दहापर्यंत मोजत होते. गोळी, कोमट डाय, वळवलेला पडदा, उशाशी उभं एक माणूस. यातलं काहीही दुर्मीळ नाही. जिथे जाल तिथे हे मागता येतं, आणि मागावं. दुखतंय, थांबा, असं म्हणता येतं, हे तर मला पहिल्या वेळी ठाऊकच नव्हतं.

या वेळी चक्कर आली नाही. तरी त्यांनी अर्धा तास बसवून ठेवलं. डाग एकच दिवस पडले.

फिल्म घेऊन बाहेर आले तेव्हा नवरा दारातच उभा होता. माझा चेहरा बघूनही त्याला काही कळेना, कारण मी एकाच वेळी हसत आणि रडत होते. त्याने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिला. दोन्हीकडे धागे, दोन्हीकडे धूर.

“ही ना डावी?” त्याने डावीकडच्या धाग्यावर बोट ठेवलं.

मी त्याचं बोट उचललं आणि दुसऱ्या बाजूला नेलं. एक्स-रे समोरून बघतात. चित्रात उजवीकडे दिसते ती माझी डावी.